जॉइंट दिसतसुद्धा नाही

पॉलिशवाल्यांनी फोन हातात घेतला तो बायकोला दाखवायला, की बघ, किती लोकांना आवडलं.

आवडलं म्हणजे काय, तर त्यांनी लिहिलेल्या चार ओळी. त्यांनी घरगुती वापराचं स्वस्तातलं वेल्डिंग मशीन फोनवरून मागवलं होतं, आणि तिथे खाली घेणाऱ्यांनी आपापला अनुभव लिहायची सोय असते. लोकही असे, की काय वाटेल ते लिहितात. कोणी लिहिलं होतं, 'खोका फाटका आला.' कोणी लिहिलं होतं, 'मशीन उत्तम, अजून चालू केलेलं नाही.' एका महाभागाने पाच तारे देऊन लिहिलं होतं, 'शेजाऱ्यांकडेही हेच आहे.' या सगळ्यांत आपल्या पॉलिशवाल्यांचा अनुभव उठून दिसत होता: 'वय साठ. जन्मात वेल्डिंग केलं नव्हतं. या मशीनवर बहिणीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीचं अख्खं रेलिंग केलं. जॉइंट दिसतसुद्धा नाही. पाच तारे.' आणि खाली फोटो.

एकशे चौदा जणांना आवडलं होतं. आणि त्याच्याखाली आज एक नवं उत्तर येऊन पडलं होतं. लिहिणाऱ्याने स्वतःचं नाव ठेवलं होतं 'म्हातारा वेल्डर'.

'भाऊ, फोटो मोठा करून बघितला. जॉइंट दिसत नाही म्हणजे तुम्ही तो ग्राइंडरने घासून सपाट केलाय. घरच्या लाइनवर करंट किती ठेवला होता? कमी ठेवला असेल तर आतमध्ये काही धरलंच नसणार, आणि वर जे काय बसलं होतं ते तुम्ही घासून काढलंत. तपासल्याशिवाय कोणाला टेकू देऊ नका. दुसरा मजला आहे. राग मानू नका.'

पॉलिशवाल्यांना राग आला. का येऊ नये? उठसूट लोकांच्या कामाला नावं ठेवणारी माणसं काय कमी आहेत जगात? त्यांनी फोन पालथा घातला, चहाचा कप उचलला, आणि तसाच खाली ठेवला. कारण करंट त्यांनी खरोखरच कमी ठेवला होता.

झालं होतं असं. घरची वायरिंग जुनी. मशीनचा काटा निम्म्याच्या पुढे नेला की मेन स्विच धाडकन पडायचा, फ्रिज बंद, पंखा बंद आणि स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज चालू. म्हणून काटा निम्म्याच्या खाली ठेवायचा. तेवढ्यावर मशीन गुमान चालायचं, ठिणग्या उडायच्या, रॉड वितळायचा, दोन पाइप एकमेकांना चिकटायचे. आणखी काय पाहिजे?

पण ते चिकटलेलं दिसायचं फार वाईट. गाठी, फोड, ओघळ. आणि इथे आपल्या गृहस्थाचा जन्म आडवा आला. पस्तीस वर्षं माणसाने लाकडाला पॉलिश केलेलं. कपाटं, टेबलं, पलंग, खुर्च्यांचे हात. डोळे मिटून तळहात फिरवायचा आणि कुठे केसभर उंचवटा लागला तर पुन्हा पॉलिश पेपर हातात घ्यायचा. अशा माणसाला ती गाठ सहन होते होय? त्यांनी प्रत्येक जॉइंट ग्राइंडरने सपाट केला, राहिलेल्या खड्ड्यांत लांबी भरली, म्हणजे आपण रंगाच्या आधी खड्डे बुजवायला भरतो ती, वर पेपर मारला, वर काळा रंग. हात फिरवला तर कुठे जोड आहे ते देवालाही सांगता येऊ नये. दुसऱ्या कुठल्याही माणसाने एवढं घासलं नसतं. त्याने कंटाळा केला असता, आणि त्या कंटाळ्यावर रेलिंग टिकलं असतं.

"अहो, दाखवणार होतात ना काहीतरी?" बायकोने विचारलं.

"नंतर," पॉलिशवाले म्हणाले, आणि उठून मागच्या खोलीत गेले.

तिथे त्यांनी रेलिंगच्याच आठवड्यात केलेलं स्टूल होतं. तेच मशीन, तसाच पाइप, तशीच लांबी, तसाच रंग. बायको रोज त्याच्यावर चढून माळ्यावरचे डबे काढायची. त्यांनी स्टूल उलटं केलं, हातोडी घेतली आणि एका पायाला एक मारली. फार जोरात नाही, हळूही नाही. दुसऱ्या ठोक्याला पाय सुटून घरंगळत भिंतीला लागला.

त्यांनी खाली बसून बघितलं. लांबीचा भुगा पडला होता. आणि पाइपाची कड जशी त्यांनी दोन महिन्यांपूर्वी कापली होती तशीच होती. कोरी. तिला काही लागलंच नव्हतं. ते स्टूल दोन महिने लांबी आणि रंग यांच्या भरवशावर उभं होतं.

आवाजाने बायको दारात आली. तिने स्टुलाकडे बघितलं, सुटलेल्या पायाकडे बघितलं.

"मी यावर रोज चढते," ती म्हणाली.

पॉलिशवाल्यांना तिच्या तोंडाकडे बघवेना. पण त्यांच्या डोळ्यांपुढे आता स्टूल नव्हतं, गॅलरी होती. आज ताईच्या नातीचा सातवा वाढदिवस होता. पाच वाजता. वर्गातली पंचवीस पोरं येणार होती. ताईचा हॉल तो केवढा, चार माणसं बसली की पाचव्याने उभं राहायचं. म्हणजे पोरं जाणार कुठे? गॅलरीत. आणि पोरं काय रेलिंगपासून हातभर लांब उभी राहतात? ती लोंबकळतात, पाय घालून चढतात, एकमेकांना ढकलतात. घड्याळात सव्वातीन झाले होते.

त्यांनी ताईला फोन लावला. वाजला, वाजला, बंद पडला. पुन्हा लावला. ताईची एक सवय, घरात माणसं आली की फोन उशीखाली ठेवायचा आणि विसरायचा. तिसऱ्यांदा त्यांनी भाऊजींना लावला.

आता भाऊजींचं थोडं सांगायला हवं. ताईचा नवरा माणूस वाईट नाही, पण जिभेला हाड नाही. रेलिंगची गोष्ट निघाली तेव्हा तो सरळ म्हणाला होता, "चांगल्या फॅब्रिकेशनवाल्याला देऊ या की. याचा हात लाकडावर बसलेला." तेव्हा ताई ताडकन म्हणाली होती, "माझी गॅलरी आहे, माझा भाऊ करेल." त्याआधीचं वर्ष पॉलिशवाल्यांनी खिडकीत बसून काढलं होतं. लोक तयार फर्निचर घ्यायला लागले, त्याला पॉलिश कारखान्यातच होऊन येतं. हातातलं काम गेलं ते गेलंच. माणूस जेवायचा, झोपायचा, कोणी हाक मारली की दचकायचा. ते मशीन आलं आणि माणूस पुन्हा सकाळी लवकर उठायला लागला. आणि त्याला पहिलं काम ताईने दिलं, नवऱ्याशी भांडून. त्या भाऊजींना आता काय तोंडाने सांगायचं?

"हॅलो! बोला, कारागीर!" भाऊजी ओरडले. मागे फुगे फुगवल्याचे, फुटल्याचे आवाज.

"भाऊजी, ते... गॅलरीत कोणाला जाऊ देऊ नका."

"काय?"

"गॅलरीत! कोणाला पाठवू नका. तिथे... रंग ओला असेल."

"रंग? दोन महिन्यांपूर्वीचा रंग?" भाऊजी खदखदून हसले. "अहो, आत काय उकडतंय! सगळी पोरं गॅलरीतच बसवणार आहे मी. या तुम्ही लवकर, फुगे फुगवायला माणूस पाहिजे." आणि फोन ठेवला.

बायको कंबरेवर हात ठेवून ऐकत होती. "रंग ओला आहे? अहो, खरं सांगायला काय झालं होतं?"

"जीभ वळली नाही गं."

"आणि एखादं पोर पडलं म्हणजे वळेल होय?"

पॉलिशवाल्यांनी पुन्हा लावला तेव्हा भाऊजींचा फोन लागेना. मग ते तसेच, घरातल्या शर्टावर, चपला सरकवून निघाले. बायकोने भेटीचं पुडकं उचललं, दाराला कुलूप लावलं आणि त्यांच्या मागून धावली.

बसला गर्दी नव्हती, पण बसला घाईही नव्हती. प्रत्येक सिग्नल लाल. प्रत्येक थांब्यावर कोणीतरी एका पायाने चढून दुसऱ्या पायाने ड्रायव्हरला रस्ता विचारत होतं. पॉलिशवाले पुढच्या दांड्याला धरून उभे होते. बसायला जागा होती तरी उभे होते, जणू ते उभे राहिले की बस जोरात पळणार होती. त्यांचं लक्ष त्या दांड्याच्या जोडावर गेलं. जाड, ओबडधोबड, एकावर एक चढलेल्या खवल्यांसारखा टाका. आजवर असा जोड बघितला की ते मनात म्हणायचे, काय हा घाणेरडा हात! आता त्यांनी त्याच्यावर अंगठा फिरवला. किती वर्षं किती माणसं या दांड्याला लटकली असतील कोण जाणे.

आणि मग एकेक आठवायला लागलं. गेल्या महिन्यात ते ताईकडे गेले होते, आपलं काम पुन्हा एकदा डोळे भरून बघायला. तर ताईने रेलिंगला लागून कुंड्यांची अख्खी रांग मांडलेली, दोन ओळींत. रेलिंग दिसतच नव्हतं. त्यांना राग आला होता. "अगं, एवढं काम केलं ते झाकून टाकलंस," असं ते म्हणाले होते, आणि ताई नुसतीच "झाडांना ऊन लागतं रे तिथे" म्हणाली होती. म्हणजे कुंड्या आहेत. कुंड्या असल्या तर पोरं पार कडेला जाणार नाहीत. पण आज पोरं येणार म्हणून भाऊजींनी कुंड्या हलवल्या असतील तर? हलवल्याच असतील. पंचवीस पोरं बसवायची म्हणजे कुंड्या आधी हलवणार.

"त्यांनी कुंड्या हलवल्या असतील," ते मोठ्याने म्हणाले.

"शांत व्हा," बायको म्हणाली. तिने पुडकं असं आवळून धरलं होतं की वरचा कागद फाटला.

पाच वाजून गेले, आणि शेवटचे दोन थांबे राहिले असताना बस पुन्हा अडकली, पुढे कुठल्याशा ट्रकचं टायर गेलं होतं. पॉलिशवाले उतरलेच. साठ वर्षांचा माणूस, घरातल्या चपला, भर रस्त्यातून पळत सुटला. मागून बायको "अहो, हळू! अहो!" करत. वळणावरून ताईची इमारत दिसते. त्यांनी मान वर करून दुसऱ्या मजल्याकडे बघितलं. काळं रेलिंग, आणि त्याला बांधलेले लाल-पिवळे फुगे. कुंड्या नव्हत्या.

पण गॅलरीत कोणी दिसत नव्हतं. अजून दिसत नव्हतं. ते जिना चढले ते कठड्याला धरून, तोंडाने श्वास घेत, आणि दार उघडंच होतं त्यातून आत घुसून ओरडले, "गॅलरीत जाऊ नका! कोणी गॅलरीत जाऊ नका!"

हॉलमध्ये पंचवीस पोरं एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखी दाटीवाटीने बसली होती, घामाघूम. टोप्या घातलेली. सगळी त्यांच्याकडे बघायला लागली. गॅलरीचं दार बंद होतं, आणि त्याला कुलूप होतं.

"जातंय कोण?" भाऊजी वैतागून म्हणाले. ते कपाटाचे खण उपसत होते. "तासभर किल्ली शोधतोय. कुंड्या हलवल्या, फुगे बांधले, पाणी प्यायला आत आलो तर हिने दार लावून टाकलं. म्हणे वारा येतोय. आणि आता म्हणे किल्ली कुठे ठेवली आठवत नाही! आत पोरं उकडून निघाली."

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने भावाकडे बघितलं. त्याचा शर्ट घामाने भिजलेला, चपलेचा एक अंगठा तुटलेला.

पॉलिशवाल्यांना वाटलं, सुटलो. दार बंद आहे, किल्ली हरवली आहे, आज कोणी जात नाही. उद्या गुपचूप यायचं, काहीतरी सबब सांगून रेलिंग काढून न्यायचं. कोणाला कळायचं काम नाही. हे सगळं त्यांच्या मनात येऊन गेलं, खोटं कशाला सांगा. मग बायको धापा टाकत दारात पोचली, आणि तिने नुसतं त्यांच्याकडे बघितलं.

"भाऊजी," ते म्हणाले, "रंगाचं मी खोटं बोललो. रेलिंग कच्चं आहे. मी केलेलं. जॉइंट धरलेलेच नाहीत. नुसती लांबी आहे आत."

"काहीतरीच काय!" भाऊजी म्हणाले. "एवढं सुबक काम. मी स्वतः ऑफिसात चार जणांना फोटो दाखवला."

हे तर पॉलिशवाल्यांना ठाऊकच नव्हतं. हेच भाऊजी आणि फोटो दाखवत होते! त्यांना तिथल्या तिथे रडू फुटायचं बाकी राहिलं.

"दार उघडा," ते म्हणाले. "दाखवतो."

"अहो, पण किल्ली..."

तेवढ्यात ताई आत गेली. डबा उघडल्याचा आवाज आला. ती बाहेर आली आणि तिने भावाच्या हातावर किल्ली ठेवली. किल्लीला साखरेचे दाणे चिकटले होते.

भाऊजींचा आ वासला तो तसाच राहिला. पॉलिशवाल्यांनी कुलूप उघडलं, बायकोला म्हणाले, "पोरांना आत धर," आणि गॅलरीत गेले. मागून भाऊजी. पॉलिशवाल्यांनी वरचा पाइप दोन्ही हातांनी धरला, पाय मागे रोवले आणि गदागदा हलवला. एकदा. काही नाही. दुसऱ्यांदा. डाव्या कोपऱ्यात रंगाला केसासारखी चीर गेली. तिसऱ्यांदा त्यांनी ओढला आणि बाहेर ढकलला, आणि पाइप खांबातून सुटून सरळ बाहेर गेला. त्याबरोबर त्यांचा तोल गेला. भाऊजींनी मागून त्यांचा पट्टा धरला आणि असं ओढलं की दोघंही खाली आपटले. पाइप दुसऱ्या टोकाला लोंबकळत राहिला. फुगे अजून त्यालाच बांधलेले होते.

भाऊजींनी पट्टा अजून सोडला नव्हता.

"बाप रे," भाऊजी एवढंच म्हणाले. चेष्टा नाही, टोमणा नाही. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. मग ते उठले, आत गेले, दार ओढून घेतलं आणि पोरांना मोठ्या आवाजात काहीतरी खेळ सांगायला लागले.

दार पुन्हा उघडलं आणि ताई बाहेर आली.

"तुला माहीत होतं," पॉलिशवाले म्हणाले.

"हलतंय एवढं माहीत होतं. पहिल्या आठवड्यातच. कपडे झटकताना टेकले तर डुगडुगलं."

"म्हणून कुंड्या."

"म्हणून कुंड्या. कपडे आता आत वाळत घालते."

"अगं ताई!" आता मात्र त्यांचा आवाज फुटला. "मला सांगायचं नाही? एवढीशी गोष्ट? तू पडली असतीस म्हणजे? ते पोर पडलं असतं म्हणजे?"

ताई त्यांच्याशेजारी खाली बसली. गुडघे दुखतात म्हणून एरवी ती जमिनीवर बसत नाही.

"सांगणार होते. रोज म्हणायचे, आज सांगते. मग तुझा फोन यायचा, ताई, अजून एकाला आवडलं, ताई, आज नव्वद झाले. छोट्या, वर्षभर तू फोनच करत नव्हतास कोणाला." तिने नाक पुसलं. "चुकलंच माझं. आज ह्यांनी कुंड्या हलवल्या तेव्हा माझ्या काळजात धस्स झालं. तरी तोंडातून निघेना. किल्लीच लपवली."

दोघं भावंडं ती, एकाच आईची. एकाने रंग ओला आहे म्हणून सांगितलं, दुसरीने किल्ली साखरेत पुरली. कान धरायचे तर दोघांचे धरायला हवेत. आणि आत पंचवीस पोरं टाळ्या वाजवत होती.

"काढून नेतो उद्या," पॉलिशवाले म्हणाले. "तू त्या फॅब्रिकेशनवाल्याला बोलव."

ताईने लोंबकळणाऱ्या पाइपाकडे बघितलं आणि म्हणाली, "नेतोस तर ने. पण परत तूच आणून लावायचंस."

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी पॉलिशवाल्यांनी आपला अनुभव पुसून पुन्हा लिहिला. 'मशीनमध्ये दोष नाही. मी करंट कमी ठेवला आणि जॉइंट घासून काढले. रेलिंग माझ्या हातात सुटलं. कोणी पडलं नाही. ज्या एकशे चौदा जणांना आवडलं त्यांनी कृपा करून आपलं काम तपासावं.' आणि म्हाताऱ्या वेल्डरला उत्तर लिहिलं, 'राग आला होता. आता शिकवा.'

त्यानेही शिकवलं. मेन मीटरपासून मशीनसाठी वेगळी जाड वायर आधी ओढून घ्यायला लावली. गंज आणि रंग खरवडून पाइप लखलखीत करायला लावला. आणि सांगितलं की भंगारातल्या पाइपांचे आधी तीस जोड करा, प्रत्येक हातोडीने तोडा आणि मला फोटो पाठवा. पहिले अकरा जोड तुटले. बारावा वाकला पण सुटला नाही. मागच्या खोलीत दिवसभर ठोकाठोक. बायकोने कानात कापूस घातला, पण एकदाही कुरकुर केली नाही. तिसावा जोड तिने स्वतः हातोडी घेऊन ठोकून बघितला, आणि स्टुलाचा राग त्याच्यावर पुरता काढला.

महिन्याभराने रेलिंग पुन्हा लागलं. या खेपेला प्रत्येक कोपऱ्यात जाड गाठ, खवल्याखवल्यांची, वर नुसता रंग. भाऊजींनी आधी डाव्या कोपऱ्याला स्वतः लाथ घातली. मग उजव्या कोपऱ्याला लाथ घातली. मग पाय चोळत आत गेले.

ताईने गाठीवर हात फिरवला. "हे घासणार नाहीस?"

"नाही."

"बघवतं तुला?"

"नाही," पॉलिशवाले म्हणाले. खरंच बघवत नव्हतं. हात शिवशिवत होते, आणि म्हणूनच ग्राइंडर ते घरी ठेवून आले होते.

ताई पुढे झाली. तिने दोन्ही कोपरं वरच्या पाइपावर टेकवली आणि खाली रस्त्याकडे बघत अंगाचा सगळा भार टाकला, तीन महिन्यांत पहिल्यांदा. पॉलिशवाल्यांनी मागून तिच्या स्वेटरची कड मुठीत पकडली.

"सोड रे," ताई मागे न बघता म्हणाली. "पक्कं आहे."

"हो," ते म्हणाले, आणि मूठ आणखी आवळली.